झऱ्याचा राखणदार

फार पूर्वी एका डोंगरात एकच झरा होता. त्याचा राखणदार दरवर्षी निवडला जाई. जो हवा असेल त्याच्यापुढे प्रत्येकाने एक खडा ठेवायचा, एवढीच रीत होती.

त्या वर्षी म्हाताऱ्या कासवाविरुद्ध कोल्हा उभा राहिला. निवडणुकीच्या सकाळी त्याने घरोघर गोड कंद पाठवले आणि निरोप दिला, "उन्हात कशाला येता? घरीच आराम करा."

साळिंदराची बायको म्हणाली, "अहो, जाऊन या की."

"माझ्या एका खड्याने काय होणार आहे?" साळिंदर कंद चघळत म्हणाला. सशिणीला पिलांचं करायचं होतं, मोराला पिसारा नीट करायचा होता. शेवटी कोल्ह्याला त्याच्या पाच भाऊबंदांनीच निवडून दिलं. कासवापुढे तीनच खडे पडले.

उन्हाळा तापला. झऱ्यात कोल्ह्याचे भाऊबंद डुंबू लागले आणि बाकीच्यांच्या वाट्याला चिखल उरला.

तहानलेला साळिंदर कोरड्या ओढ्यात पोहोचला. तिथे वाळू उकरून कासवाने थोडंसं पाणी काढलं होतं. साळिंदराने मान खाली घातली. "कासवदादा, त्या दिवशी मी आलो नाही."

"ठाऊक आहे. मी वाट बघत होतो," कासव म्हणालं आणि बाजूला सरकलं. "आधी पी बरं."

साळिंदर पोटभर प्यायला. "पुढच्या वर्षी उजाडताच येईन, दादा."

"एकटाच?" कासवाने हसून विचारलं.

साळिंदर ओल्या तोंडानेच उठला आणि सशिणीच्या दाराशी जाऊन हाका मारू लागला. निवडणुकीला अजून दहा महिने होते.