भानुदासने काढलेला डाग

"डाग तर गेला, बाबा. मग ती अजून तिथंच का बसते?"

खांद्यावरचा गुंडाळलेला गालिचा भानुदासने कडुनिंबाखाली टाकला आणि धापा टाकत उभा राहिला. लतीफबाबा आपल्या फाटक्या टोपीला टाके घालत बसले होते. हा म्हातारा फकीर वर बघायचीही घाई करत नसे.

"कोण बसते?"

"माझी बायको. सुभद्रा."

भानुदासची गावात लाँड्री. हळद आणा, शाई आणा, हा गडी डाग काढून देणार आणि वर मिशीला पीळ भरणार. पण पावसाळ्यात त्याची आठ वर्षांची कुसुम तापाने गेली आणि माणूस पार खचला. खचला, तरी ताठा काही सुटेना.

"डाग कसला?"

"खोबरेलाचा. दर रविवारी सुभद्रा पोरीला या गालिच्यावर पुढ्यात घेऊन तेल लावायची. पोरगी क्षणभर गप्प बसेल तर शपथ. वाटी कलंडायचीच..."

बाबांची सुई चालू होती.

"पोर गेल्यावर ही आपली त्या डागावर हात ठेवून बसलेली. जेवण नाही, बोलणं नाही. मला बघवेना. म्हटलं, डागच नको. ती आंघोळीला गेली तेव्हा गालिचा उचलला आणि लाँड्रीत नेला. मुलतानी माती दाबून तेल ओढून घेतलं, रिठ्याच्या पाण्यानं धुतला. बघा तुम्हीच. माझ्या हातून डाग सुटत नाही."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. गालिचा अंथरला, तशी परत तिथंच जाऊन बसली. आज गालिचाच उचलून आणला, तर उघड्या फरशीवर बसलीय."

"आणि तू?"

"मी लाँड्रीतच झोपतो. घरात पाऊल टाकवत नाही, बाबा. पोर तर गेलीच, आता हीसुद्धा माझ्यादेखत चाललीय. काही बाधा असेल तर फुंकर मारा, दुआ करा. माझी अक्कल संपली."

बाबांनी टोपी बाजूला ठेवली. गालिचा उलगडला. लाल लोकर, कुठं ठिपका म्हणून नाही. त्यांनी इकडून तिकडून हात फिरवला, डोळे बारीक करून पाहिलं.

"काम चोख आहे. डाग कुठं होता रे?"

भानुदास वाकला आणि त्याने पटकन बोट टेकवलं. शोधावं लागलं नाही.

"हा इथं. वाटी या बाजूला असायची... पोरीचा गुडघा इथं यायचा... इथं ती टाचा घासायची..."

बोलता बोलता तो खालीच बसला. बोटाच्या जागी त्याचा सगळा तळहात आला, आणि तो काही केल्या उचलेना. मिशीवरून पाणी गळत होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

बाबांनी त्या हाताकडे पाहिलं.

"मग तिला एकटीला का बसवलंस?"