कपाटातला बूट

फार वर्षांपूर्वी एका ओतशाळेच्या दाराशी काचेच्या कपाटात, बोटं वाचवायला पुढे पोलादी टोपी असलेला एक बूट राहत होता. साहेब त्याला फक्त तपासणीच्या दिवशी बाहेर काढायचे. भट्टीवरचा तुळशीराम मात्र रोज झिजलेल्या चपलेतच राबायचा.

"वितळलेल्या लोखंडाशेजारी तू जातेस, आणि मी इथे शोभेला?" बूट चपलेवर डाफरायचा.

"माझ्यावर कशाला चिडतोस? किल्ली साहेबांच्या खिशात आहे," चप्पल म्हणायची.

एकदा तपासणी आली. बुटाला पॉलिश करून तुळशीरामच्या पायात चढवलं.

"बूट अगदी नवाकोरा ठेवलाय हो," तपासनीस कौतुकाने म्हणाले.

बूट संतापाने तापला. त्याच्या पोलादी टोपीखाली तुळशीरामची तीनच बोटं उरली होती.