पहिल्या पाण्याचा मान

मुलांनो, मोठ्या सरदारांच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. ही गोष्ट एका लहानशा सरदाराची आहे. डोंगराच्या उतारावर, जिथे गवत कमी आणि दगड जास्त, तिथे एक सांबर आपल्या कुटुंबासह राहत असे. सिंहाच्या दरबारात त्याला बैठक होती, पण ती अगदी शेवटच्या रांगेत, एका जाड खोडाच्या आड. तिथून त्याला महाराजांचे फक्त शेपूट दिसे.

या सांबराकडे ना कुरण होते, ना मोठा कळप. होता तो एक मान. जंगलात एक खोल डोह होता आणि संध्याकाळी सगळी जनावरे तिथे पाण्यावर येत. पाणवठ्यावर कोणी कोणाची शिकार करायची नाही, असा सिंहाचा कडक हुकूम असल्यामुळे बिबट्या आणि ससा तिथे शेजारी शेजारी उभे राहत. पण पाण्याला तोंड लावायचे ते आधी या सांबराने, मग बाकीच्यांनी. पणजोबांच्या काळापासून हे असेच चालत आले होते. त्यामुळे सगळे जंगल त्याला मानकरी म्हणत असे.

मानकरी डोहावर यायचा तो थाटात. पुढे एक वानर पोकळ ओंडक्याचा नगारा वाजवत चाले. मानकऱ्याच्या पाठीवर वेलींची विणलेली जुनी झूल असे. तिला एका बाजूने मोठमोठी भोके पडली होती. ती बाजू तो नेहमी डोंगराकडे ठेवी, म्हणजे बघणाऱ्यांना दिसत नसे. परतताना झूल फिरवून घ्यावी लागे, आणि त्यासाठी मानकरीणबाई झुडपाआड तयार उभ्या राहत. डोहाशी पोचला की तो एक घोट घेई, मान उंच करी आणि कोण कोण आपल्याकडे बघते आहे ते सावकाश पाही. तोवर तहानलेली पाडसे जिभा बाहेर काढून ताटकळत. मला विचाराल तर मानकरी स्वभावाने वाईट नव्हता. त्याच्याकडे तेवढेच होते, म्हणून तो ते पुरवून पुरवून वापरत होता.

एका उन्हाळ्यात एक गवा दरबारात उभा राहिला. हा गवा नव्यानेच बळावला होता. त्याच्या पाठीशी चाळीस गवे होते, रानातले सर्वांत हिरवे कुरण त्याच्याकडे होते, पण मान म्हणून एकही नव्हता, आणि ते त्याला फार टोचत असे.

"महाराज," गवा म्हणाला, "पहिल्या पाण्याचा मान मुळात आमच्या आजोबांचा. हे सांबर मध्येच घुसले. मला साक्षीदार आणता येतील."

साक्षीदार लगेच आले. गव्याच्या कुरणात चरणारी दहा-बारा जनावरे होती ती. आपल्याला सगळे लख्ख आठवते असे त्यांनी सांगितले. त्यांतली निम्मी तर गव्याचे आजोबा वारल्यानंतर जन्मलेली होती.

मानकरी तडक घरी निघाला. मान गेला की बैठक जाणार होती. बैठक गेली की पलीकडच्या डोंगरावरच्या सांबरांकडे ठरलेले मुलीचे लग्न मोडणार होते, कारण त्यांनी सोयरीक केली होती ती मानकऱ्याच्या घराशी. त्या दिवशी घरी कोणी धड चरले नाही.

"अहो, सनद आहे ना आपल्याकडे?" मानकरीणबाई म्हणाल्या.

सनद होती. सिंहाच्या पणजोबांनी दिलेली, झाडाच्या सालीवर लिहिलेली. मानकऱ्याने ती कपारीतून काढली, वरची माती झटकली आणि दरबारात हजर केली. ती वाचायचे काम दरबारच्या चिटणिसाकडे, म्हणजे एका मुंगसाकडे आले.

हे मुंगूस फार चौकस होते. एखादा प्रश्न मनात आला की उत्तर मिळेपर्यंत त्याला अन्न गोड लागत नसे. त्याने सनद उलगडली आणि पाहिले, तर वरचा अर्धा भाग वाळवीने फस्त केला होता. उरलेला मजकूर एवढाच होता : "म्हणून पहिले पाणी तुमच्या घराण्याकडे वंशपरंपरेने चालवावे."

"झाले तर," मानकऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला. "स्वच्छ लिहिले आहे."

"लिहिले आहे," मुंगूस म्हणाले. "पण वाक्य 'म्हणून' पासून सुरू होते. त्याच्या आधी काय होते?"

"काय असणार? आमचा मोठेपणा असेल."

"आमचाही असू शकेल," गवा म्हणाला. "वाळवीने नाव खाल्ले असेल."

सिंहाने दोघांना गप्प केले आणि मुंगसाला चौकशीचा हुकूम दिला. मुंगसाला तेच हवे होते. त्याने रानडुकराला विचारले, "मानकरी आधी का पाणी पितो?" रानडुक्कर म्हणाले, "कारण तो मानकरी आहे." मग त्याने साळिंदराला विचारले, "तो मानकरी का आहे?" साळिंदर म्हणाले, "कारण तो आधी पाणी पितो." दोन दिवस मुंगूस असे गोल गोल फिरत राहिले. विचारलेल्या प्रत्येकाला आपण उत्तर दिले असे वाटत होते, याचीच त्याला मोठी गंमत वाटली. शेवटी कोणीतरी सांगितले की डोहात एक म्हातारे कासव आहे, त्याला विचार.

कासव डोहात नव्हते. ते वर काठावरच्या दगडांत, तापलेल्या मातीत बसले होते.

"कासवआजोबा, पहिल्या पाण्याचा मान सांबरांकडे कसा आला?" मुंगसाने विचारले.

कासवाने आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. "मान?" ते म्हणाले. "तेव्हा त्याला कोणी मान म्हणत नव्हते. डोहात एक मगर होती. एकटे जनावर दिसले की ओढून न्यायची. कोणी पाण्याला तोंड लावायला धजेना. तुमच्या महाराजांच्या पणजोबांनी भर दरबारात विचारले, 'आधी कोण उतरतो?' सगळे आपापल्या खुरांकडे बघू लागले. तेव्हा एक सांबर म्हणाले, 'मी जातो.' ते रोज पुढे जाऊन उभे राही, पाण्यावर खूर आपटी, आणि पाणी निर्धोक आहे असे वाटले की घोट घेई. मग बाकीचे उतरत. त्याच्यामागून हे काम करणाऱ्या त्याच्या दोन मुलांना मगरीने नेले. तिसरा तिच्या तावडीतून सुटला आणि लंगडत का होईना, जात राहिला. पुढे एका महापुरात मगर वाहून गेली."

"आणि पहिले पाणी मागे राहिले," मुंगूस हळूच म्हणाले.

"राहिले. नगारा वगैरे नंतरच्या मंडळींनी आणला."

मुंगसाचा प्रश्न सुटला होता, पण ते उठेना. "आजोबा, तुम्ही पाणी सोडून या उन्हात का बसला आहात?"

"कारण गेल्या पंधरवड्यापासून डोहात पुन्हा एक मगर आली आहे," कासव म्हणाले. "अजून नवखी आहे, नगाऱ्याला बुजते. तो वाजला की तळाशी जाऊन बसते. सगळे पिऊन गेले की मागे रेंगाळलेल्याला धरते. एक हरणाचे पाडस आणि एक डुकराचे पिल्लू गेले, ते कुठे गेले असे तुम्हाला वाटते?"

सगळ्या जंगलाला वाटत होते की ते बिबट्याचे काम. बिबट्या बिचारा शपथा घेऊन थकला होता.

दुसऱ्या दिवशी मुंगसाने भर दरबारात सगळी हकिकत जशीच्या तशी सांगितली. मग सिंह गव्याकडे वळला.

"तुमचे म्हणणे काय? मान तुमच्या आजोबांचा होता ना?"

गवा घसा खाकरून म्हणाला, "महाराज, आमच्या आजोबांविषयी माझा थोडा गैरसमज झाला असावा. मान सांबरांचाच. आम्ही त्यांच्या आड येणार नाही." त्याचे साक्षीदार तर केव्हाच मागच्या मागे पसार झाले होते.

सिंह मानकऱ्याला म्हणाला, "मान तुमचाच ठरला. चालवायचा असेल तर त्या पहिल्या सांबरासारखा चालवा. नको असेल तर सांगा, कोणी बोल लावणार नाही. बैठक मात्र त्याबरोबर जाईल."

मानकऱ्याने एका दिवसाची मुदत मागितली. तो घरी आला. ज्या मानासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता, तो असा हातात आला होता.

"राहू द्या हो तो मान," मानकरीणबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मुलीला दुसरे घर मिळेल. बाप दुसरा नाही मिळायचा."

"मला भीती वाटते, ते खरेच आहे," मानकरी म्हणाला. "पण आता डोहावर कोणी फिरकणार नाही. बाकीचे ओढे आटलेत. ही पाडसे दोन दिवसांत मरतील. आणि इतकी वर्षे मी त्यांना रोज ताटकळत ठेवत होतो. कशासाठी थांबत होती ती, ते मलाही माहीत नव्हते. मला त्याची लाज वाटते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मानकरीणबाईंनी झूल आणली, तेव्हा तो म्हणाला, "आज नको. अंगावर काही असले की उडी मारता येत नाही." वानरालाही त्याने नगारा ठेवायला सांगितले, कारण त्या आवाजात पाणी ऐकू आले नसते.

डोहापासून बऱ्याच अंतरावर सगळे जंगल उभे होते. मानकरी एकटा काठाशी गेला आणि थांबला. लहानपणापासून तो इथे येत होता, पण डोहाकडे नीट बघण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती. आजवर त्याने बघितले होते ते बघणाऱ्यांकडे. आता त्याला दिसले की उजवीकडे बेडूक ओरडत आहेत आणि डावीकडे, जांभळाखाली, एकही ओरडत नाही. तिथे एक ओंडका तरंगत होता. तो जुना होता की नवा, हेही त्याला सांगता येईना, आणि त्याचे त्याला फार वाईट वाटले.

तो दोन पावले पाण्यात उतरला आणि त्याने जोरात खूर आपटला. नगाऱ्याचा आवाज नव्हता, समोर एकटे जनावर होते. ओंडका हळूच पाण्याखाली गेला. पाण्यावर एक बारीक रेघ सरळ त्याच्या दिशेने येऊ लागली. तो सगळे बळ एकवटून मागे उडाला, आणि तो उभा होता त्याच जागी दोन जबडे खाडकन मिटले. त्याच्या मागच्या पायाची कातडी सोलून निघाली. पण उडी मारताना त्याच्या गळ्यातून जो इशारा निघाला, तो ऐकून सगळी जनावरे आणखी मागे हटली.

मगर कुठे आहे हे आता कळले होते. मानकरी लंगडत काठाकाठाने चालत निघाला. मगर पाण्यातून त्याच्याबरोबर सरकत होती, आणि तो तिच्यावरून नजर काढत नव्हता. डोहाच्या शेवटाला, जिथे पाणी खडकांवर पसरून जेमतेम घोट्याइतके होते, तिथे ती थांबली. एवढ्याशा पाण्यात तिला लपता येईना. मानकरी तिथे उतरला, त्याने पुन्हा पुन्हा खूर आपटून पाहिले आणि मग मागे वळून हाक दिली, "या. इथे, खडकांवरच प्या. पुढे जाऊ नका."

आधी पाडसे आली, मग त्यांच्या आया, मग बाकीची. मानकरी खोल पाणी आणि ही गर्दी यांच्या मधोमध उभा राहिला. कोण आले, कोण गेले, हे त्याने पाहिले नाही. गवा आपल्या चाळीस जणांसह आला, मान खाली घालून पाणी प्यायला आणि जाताना क्षणभर त्याच्याजवळ थांबला.

"सरदार, तुमच्या पायातून रक्त येते आहे," गवा म्हणाला. "तुम्ही प्या आता. तोवर मी बघतो."

"लहानगी उरली आहेत अजून काही," मानकरी म्हणाला. "त्यांचे होऊ द्या."

तेव्हा गवा गेला नाही. तोही त्याच्याशेजारी पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. शेवटचे पाडस पिऊन काठावर गेले, तेव्हा कुठे मानकऱ्याने खाली वाकून पाण्याला तोंड लावले.

हे सगळे मुंगूस एका खडकावरून बघत होते. दरबारात नोंद करायची म्हणून ते टुणकन खाली आले. पण खरे सांगायचे तर त्याला एक नवा प्रश्न पडला होता आणि तो विचारल्यावाचून त्याला चैन पडणार नव्हते.

"मानकरी, आज पहिले पाणी कोण प्यायले?"

मानकऱ्याने आठवून पाहिले. त्याला काही आठवेना.

"कोण जाणे," तो म्हणाला. "मी मगरीकडे बघत होतो."

तात्पर्य : पूर्वजांनी केलेल्या कामामुळे घराण्याला मान मिळतो, पण तो टिकतो आपण ते काम पुढे चालवले तरच, म्हणून मानासाठी भांडण्याआधी तो कशाबद्दल मिळाला, हे विचारून घ्यावे.