मालनताईला लेखनिक मिळाला

एका गावात एक भोळा लेखनिक होता. आधी तो नुसताच भोळा होता, लेखनिक मागाहून झाला. नाव गेनू. अक्षर मात्र असं सुरेख, की गावातल्या लग्नपत्रिकांवरची नावं त्याच्याकडूनच घालून घेत. एकदा नवऱ्यामुलाचा बाप म्हणाला, "सगळ्या गावाला बोलावणं आहे." गेनूनं पत्रिकेवर 'सगळे गाव' असं लिहिलं आणि ती वेशीवरच्या खांबाला चिकटवून आला.

मालन ही त्याची चुलतबहीण. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. बाकी सगळं कळत होतं, जरा जास्तच कळत होतं. बी.ए. झाली होती आणि सरकारी कचेरीतल्या लिपिकाच्या जागेसाठी परीक्षा देत होती. ज्याला दिसत नाही त्याला अशा परीक्षेत लेखनिक घेता येतो. लेखनिकानं प्रश्न वाचायचा, उमेदवारानं उत्तर सांगायचं, लेखनिकानं ते लिहायचं. मागच्या खेपेला मालननं एक हुशार लेखनिक नेला होता. तो तिची उत्तरं सुधारत गेला. मालन नापास झाली. आता वयाची अट संपत आली होती. ही परीक्षा हुकली की पुढं परीक्षाच नव्हती.

"मला शहाणा नको," ती आईला म्हणाली. "सांगेन तेवढंच लिहिणारा हवा."

"मग गेनूला ने," पारूबाई म्हणाल्या. "शहाणपणाची भीती नाही."

सराव घरीच सुरू झाला. मालननं 'माझे गाव' हा निबंध सांगितला, गेनूनं लिहिला, पारूबाईंनी वाचून दाखवला. "आमच्या गावाला नदी आहे. आई, दूध उतू चाललंय बघ. नदीवर पूल आहे. गेनू, नाक ओढू नकोस. पुलापलीकडे शाळा आहे."

मालननं कपाळावर हात मारला. "अरे, सगळं लिहायचं नसतं. मी 'लिही' म्हणाले की लिहायचं. तोवर हात मांडीवर."

"बरं," गेनू म्हणाला.

मग अर्ज द्यायला दोघं तालुक्याला गेली. मालनला बाकावर बसवून गेनू खिडकीशी गेला. आतल्या कारकुनानं लेखनिकाचा कागद पुढं सरकवला. "इथं सही करा."

गेनूनं हात मांडीवर ठेवायचे म्हणून खिडकीखालीच बसकण मारली.

कारकुनानं वाकून बघितलं. "काय हो, सही येत नाही का?"

"येते की."

"मग करा."

"ताई अजून म्हणाली नाही."

रांग तुंबली. मागच्या लोकांनी आरडाओरडा केला. खिडकी बंद व्हायची वेळ आली तेव्हा मालन काठी टेकत आली आणि तिनं 'लिही' म्हटलं, तेव्हा कुठं सही झाली. कारकून चिडून म्हणाला, "कचेरीत साहेब असतो ना, त्याचं ऐकायचं असतं. साहेब बोलेल ते मुकाट्यानं लिहायचं."

"बरं," गेनू म्हणाला.

पुढच्या आठवड्यात तालुक्याच्या वाचनालयात सराव परीक्षा होती. तिथं एक निवृत्त गुरुजी देखरेखीला होते. त्यांना सगळे साहेब म्हणत, हे मालनचं दुर्दैव. पेपर तपासून आला. 'जिल्ह्यातील सर्वांत लांब नदी कोणती?' उत्तर होतं, 'मागच्या बाकावर कुजबुज नको.' 'ग्रामसभेचा अध्यक्ष कोण असतो?' उत्तर होतं, 'ती खिडकी लावा, ऊन येतंय.' 'राज्याचा मुख्य पीकप्रकार सांगा.' उत्तर होतं, 'चहा कुणाकुणाला हवाय?' यातलं चहाचं उत्तर गुरुजींनी जवळजवळ बरोबर दिलं होतं. चहा हे पीक आहे, फक्त राज्य चुकलं होतं.

मालनला रडू आलं आणि हसूही आलं. आधी तिनं रडून घेतलं. मग म्हणाली, "गेन्या, परीक्षेच्या दिवशी माझ्याशिवाय कुणाचंही ऐकायचं नाही. ब्रह्मदेव आला तरी."

"बरं," गेनू म्हणाला.

परीक्षेचा दिवस उजाडला. एस.टी.त मालन कानात इअरफोन घालून मोबाइलवरच्या नोट्स ऐकत होती. परीक्षा होती त्या कॉलेजचा थांबा आला. कंडक्टरनं घंटी दिली. "कॉलेजवाले, उतरा." गेनू बसून राहिला. कंडक्टर जवळ येऊन पुन्हा म्हणाला. गेनूनं खिडकीबाहेर बघितलं. गाडी सुटली.

बऱ्याच वेळानं मालननं इअरफोन काढले. "गेनू, कॉलेज आलं का रे?"

"मघाशीच आलं. गेलंसुद्धा."

"अरे, मग उतरलो का नाही?"

"कंडक्टर म्हणाला उतरा. तू कुठं म्हणालीस?"

रिक्षा करून दोघं परत फिरली. फाटक बंद होता होता ती आत शिरली. धापा टाकत म्हणाली, "डोळे तुझे आहेत ना? मग समोर जे दिसेल ते मला हळूच कानात सांगत जा. मी विचारायची वाट बघू नकोस."

"बरं," गेनू म्हणाला.

पेपर सुरू झाला. गेनूनं पहिला प्रश्न वाचला. मालन विचार करत होती, तेवढ्यात तो तिच्या कानाशी लागला. "ताई, पुढच्या बाकावरच्यानं 'ब'ला गोल केलाय. खिडकीजवळच्या बाईंनी 'क'ला केलाय. बाईंचं डोकं चांगलं दिसतंय."

पर्यवेक्षक उभेच होते मागं. त्यांनी पेपरच उचलला. मालन हात जोडून उठली. एवढी वर्षं केलेला अभ्यास त्या माणसाच्या हातात लोंबत होता. पर्यवेक्षकांनी तिच्याकडं बघितलं, गेनूच्या भाबड्या तोंडाकडं बघितलं आणि पेपर परत ठेवला. "हे शेवटचं. साहेबांसमोर लेखनिकानं स्वतःचं काही बोलायचं नाही. प्रश्न वाचायचा. नाहीतर उमेदवार बोलेल तेच, तेवढंच."

"बरं," गेनू म्हणाला.

आणि मग, खोटं कशाला सांगू, गेनूसारखा लेखनिक त्या हॉलमध्ये दुसरा नव्हता. मालन सांगे ते आणि तेवढंच तो टिपे. गणितातला आकडा तो वाची, चूक नको म्हणून तीही तो आकडा मोठ्यानं म्हणे, आणि मग उत्तर सांगे. पेपर झकास गेला. महिन्याभरात निकाल लागला. मालन पास झाली. पारूबाईंनी गल्लीत पेढे वाटले आणि गेनूला दोन दिले.

आता एकच पायरी उरली होती. दिसत नाही याची खात्री करून घ्यायला मालनला डॉक्टरांपुढं जायचं होतं. त्यांची सही झाली की नोकरी. गेनू सोबत गेला. परीक्षा संपली म्हणजे पर्यवेक्षकांचा नियम संपला आणि ताईचा कानात सांगायचा परत सुरू झाला, असा त्यानं वाटेतच हिशेब केला होता.

डॉक्टरांनी मान खाली घालून कागद वाचले, मग मालनसमोर बोटं धरली. "किती?"

गेनू मागून कानात पुटपुटला, "तीन."

"तीन," मालन सवयीनं मोठ्यानं म्हणाली.

डॉक्टर सावरून बसले. त्यांनी बोटं बदलली. "आणि आता?"

"चार," गेनू पुटपुटला.

"चार," मालन म्हणाली, आणि मग तिनं जीभ चावली.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "बाई, तुम्हाला तर माझ्यापेक्षा चांगलं दिसतंय."

"साहेब, हा मागून सांगतोय. ह्यालाच विचारा."

डॉक्टरांनी गेनूसमोर हात धरला. "तू सांग रे. किती?"

साहेब म्हटल्यावर गेनूला पर्यवेक्षक आठवले. तो गप्प. उमेदवार बोलेल तेच, तेवढंच. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. गेनू ताईच्या तोंडाकडं बघत राहिला.

"गप्प का झालास?" मालन रडकुंडीला आली. "आकडा मी सांगू का? मला काय दिसतंय?"

"मला काय दिसतंय?" गेनू डॉक्टरांना म्हणाला.

डॉक्टर दोघांकडं आळीपाळीनं बघत बसले. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि ते इतके हसले की कंपाउंडर धावत आला. "ह्याला आधी बाहेर न्या," ते म्हणाले. "आणि तू, बाकावर बस. मी बोलावेपर्यंत काही बघायचं नाही, कुणाचं ऐकायचं नाही, तोंड उघडायचं नाही."

गेनूनं या वेळी 'बरं'सुद्धा म्हटलं नाही.

आत मालनची तपासणी नीट झाली. सही झाली, शिक्का पडला. तिनं तो कागद छातीशी धरला. नोकरी तिची होती. मग बाहेर येऊन हाक मारली, "गेनू, चल रे. झालं काम."

उत्तर नाही.

शिपाई जवळ आला. "ताई, ते बाकावरचे तुमच्यापैकी का? बिचाऱ्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. शेजारच्या खोलीत मोठ्या साहेबांनी तपासलं. कानाशी ताट वाजवलं तरी हलले नाहीत हो. नाव खिशातल्या कागदावरून घेतलं. शंभर टक्क्यांचा दाखला दिलाय. जपून न्या त्यांना."

मालन हसून हसून बाकावरच बसली. मग एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात गेनू धरून ती एस.टी.त चढली. गेनूनं वाटभर डोळे घट्ट मिटून घेतले होते. डॉक्टरांनी कुठं बोलावलं होतं?

पारूबाई दारातच उभ्या होत्या. "काय झालं गं?"

"मी लागले, आई," मालन म्हणाली. "आणि पुढच्या भरतीत गेनूला पण बसवू. दाखला तयार आहे. फक्त त्याला आता लेखनिक लागेल, आणि लेखनिक शिक्षणात उमेदवाराच्या एक पायरी खालचा हवा असा नियम आहे. गेनूच्या खालची पायरी आणायची कुठून?"

पारूबाई अजून शोधताहेत. तुमच्याकडं कुणी असेल तर कळवा. अक्षर मात्र चांगलं हवं.