शेकरूची सात घरटी

एका जंगलात एक शेकरू राहत असे आणि तिथल्याच कॉलेजात शिकत असे. निदान त्याच्या आईची तरी तशी समजूत होती. मुलांनो, शेकरू म्हणजे उंच झाडांवर राहणारी, झुपकेदार शेपटीची मोठी खार. तिचे एका घरट्यावर कधीच भागत नाही. आपल्या शेकरूने तर सात घरटी बांधली होती आणि सातही नोट्सनी गच्च भरली होती. वर्गात कोणी पानावर दोन ओळी लिहिल्या, की हे हजर! "जरा देतोस? उद्या परत करतो." कोल्ह्याची पाने झाली, कावळ्याची झाली, खुद्द प्राचार्य अस्वलाचीही झाली. पान घरट्यात नीट खोचले, की अभ्यास झाल्याच्या समाधानाने ते डाराडूर झोपी जाई.

वार्षिक परीक्षेत पाचपैकी चार विषयांत शेकरूची दांडी उडाली. अस्वलाने त्याला बोलावून बजावले, "तीन आठवडे तुझं नाव ताकिदीच्या यादीत राहील. फेरपरीक्षेत पास झालास तर ठीक, नाही तर कॉलेजातून नाव काढून टाकीन." शेकरूला आई आठवली. आई तर साऱ्या जंगलाला कौतुकाने सांगत सुटली होती, "आमचं पोर सात घरट्यांचा अभ्यास करतंय हो!" आता तिला कोणत्या तोंडाने सांगायचे?

ताकिदीच्या यादीतल्या मुलांना तळ्यातल्या म्हशीकडे पाठवायचे, अशी त्या कॉलेजची रीत होती. म्हैस काही मोठी पंडित नव्हती. ती स्वतःच पहिल्या वर्षाला दोनदा बसली होती. गळ्यापर्यंत चिखलात बसून, निवांत रवंथ करीत ती म्हणाली, "रोज संध्याकाळी यायचं आणि मला एक धडा सांगायचा. मला समजेपर्यंत सांगायचा. आणि मला लवकर समजत नाही, आधीच सांगून ठेवते." शेकरूला हसू आले. "मावशी, नोट्स सगळ्या आहेत माझ्याकडे, तुम्हाला कशाला उगाच त्रास?" असे म्हणून ते जे गेले, ते आठवे घरटे बांधायला.

आठवडाभराने मोठी वावटळ आली आणि एकूण एक घरटे रिकामे करून गेली. शेकरू रडत रडत तळ्यावर आले. "मावशी, माझा सगळा अभ्यास उडाला!"

"अरेरे! काय काय होतं रे त्यात?"

"मला काय माहीत? मी जपून ठेवला होता ना!"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो, ते त्याचे त्यालाच कळले.  म्हैस मायेने म्हणाली, "बरं, वर्गात कानावर पडलेलं काही आठवतंय?"

"एक आठवतंय. समोरून वारा आला, तर समोरच्या बिबट्याचा वास येतो."

"आणि बिबट्या मागून आला तर?"

"तर... वास येत नाही."

"मग काय करायचं?"

शेकरूला सांगता येईना. म्हैस म्हणाली, "मलाही नाही कळलं. जा, विचारून ये."

शेकरू कावळ्याकडे धावले. "पान नको, नुसतं तोंडाने सांग," असे ते म्हणाले, तेव्हा कावळा फांदीवरून पडता पडता वाचला. "अरे, तेव्हा नाकावर नाही, कानांवर विसंबायचं," कावळ्याने सांगितले. शेकरूने परत येऊन ते म्हशीला तीनदा समजावले. पुढचे दोन आठवडे हेच चालले. कधी मध्येच म्हशीचा डोळा लागे, आणि जाग आली की ती म्हणे, "हं, पहिल्यापासून सांग." शेकरू चिडे, पाय आपटी आणि पहिल्यापासून सांगे.

फेरपरीक्षा तोंडी होती. शिकवणारी म्हणून म्हैसही हजर होती, अंगावरच्या चिखलासकट. अस्वलाने पाच प्रश्न विचारले. चारांची उत्तरे शेकरूने धडाधड दिली आणि पाचव्याला सरळ सांगितले, "सर, हे मला येत नाही." उत्तरे ताडून पाहायला अस्वल आपली पाने शोधू लागले. "माझी पानं कुठं गेली?"

शेकरूने मान खाली घातली. "सर, ती माझ्या पाचव्या घरट्यात होती."

 पानांवाचून अस्वलालाही काही सांगता येईना. शेवटी म्हैसच म्हणाली, "सर, चार उत्तरं बरोबर आहेत. रोज ऐकून ऐकून मला पाठ झालीत. पाचवं त्याला येत नाही, म्हणून मलाही येत नाही."

शेकरू पास झाले. आईने आनंदाने सारे जंगल डोक्यावर घेतले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कोणी बघत नाही असे पाहून, तळ्याकाठी एक नवा विद्यार्थी येऊन बसला. तो होता प्राचार्य अस्वल!

तात्पर्य : नोट्स जमवल्या म्हणजे अभ्यास झाला असे नव्हे, जे दुसऱ्याला समजावून सांगता येते, तेवढेच आपल्याला आले असे समजावे.