भुऱ्याच्या गळ्यात हार

एका गावात एक भोळा नवरदेव होता. भोळा असं त्याची आई म्हणायची. गाव सरळ मूर्ख म्हणायचं, आणि गावाचंच बरोबर होतं. मला पक्कं ठाऊक आहे, कारण तो नवरदेव मीच.

अकरा मुलींनी मला नाकारलं होतं. बारावी कुमुद. ती हो म्हणाली, पण एका अटीवर. तिचा कुत्रा भुऱ्या लग्नात मानानं हवा, आणि त्याला त्या दिवशी मी सांभाळायचं. तिनं निरोप धाडला, "जो भुऱ्याला सांभाळील तोच मला सांभाळील. त्याचा अपमान झाला तर मी बोहल्यावरून खाली उतरेन."

तेरावी मुलगी पंचक्रोशीत शिल्लक नव्हती. म्हणून आईनं माझ्यावर लक्ष ठेवायला चंपूआत्याला नेमलं.

वऱ्हाड वेशीवर मारुतीच्या देवळात उतरलं. कुमुदच्या भावानं भुऱ्याची दोरी माझ्या हातात दिली.

आत्या म्हणाली, "काही झालं तरी दोरी सोडू नकोस."

भुऱ्याला मांजर दिसलं. तो धावला. मी दोरी सोडली नाही. ओढ्यातून गेलो, बाभळीतून गेलो, कुणाच्या तरी उकिरड्यावरून गेलो. परत आलो तेव्हा धोतर निम्मं उरलं होतं.

"अरे, खांबाला बांधायचं, पुढ्यात भाकरी टाकायची आणि खुशाल बसायचं," आत्या म्हणाली.

"चुकलंच माझं. पुढच्या वेळी तसंच करीन."

तेवढ्यात सासरे आले, माझे पाय धुवायला. आता चुकायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्यांच्या उपरण्याचं टोक धरलं, देवळाच्या खांबाला घट्ट गाठ मारली आणि पुढ्यात अर्धी भाकरी टाकली. मग खुशाल बसलो. सासरे भाकरीकडे बघत राहिले.

आत्यानं गाठ सोडली. "अरे, ते सासरे तुझे! त्यांना पाटावर बसवावं, वाकून नमस्कार करावा, आपण आलात, धन्य झालो म्हणावं."

"चुकलंच माझं. पुढच्या वेळी तसंच करीन."

आम्ही जानवसघरी गेलो. मुलीकडच्यांनी आम्हाला उतरायला दिलेलं घर ते. तिथं फराळाला जिलबीची परात आली. पहिला घास घ्यायला भुऱ्या आला. मी त्याला पाटावर बसवलं. वाकून नमस्कार केला. "आपण आलात, धन्य झालो," म्हणालो. त्यानं परात संपवली आणि माझं नाक चाटलं. वऱ्हाड उपाशी राहिलं.

आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "अन्नाकडे असा हात, नाहीतर तोंड, वळलेलं दिसलं की काठी घ्यावी आणि हाड म्हणावं."

"चुकलंच माझं. पुढच्या वेळी तसंच करीन."

मांडवात गेलो. भटजी वाकून तांदळाच्या ताटात हात घालत होते. अक्षता घेत होते बिचारे. मी काठी घेतली. "हाड!" भटजींनी मांडवाला तीन फेऱ्या मारल्या. चौथीला दम लागला म्हणून थांबले. भुऱ्याचा मान मात्र अजून शाबूत होता, कारण त्याला हाकलायची वेळ आली तेव्हा मी नेमका दुसऱ्यालाच हाकलत होतो.

भटजींची समजूत काढण्यात मुहूर्त टळायला आला. आत्या कानात म्हणाली, "अंतरपाट खाली आला की बघत बसू नकोस. पटकन हार घाल."

मंगलाष्टकं संपली. अक्षता पडल्या तसा भुऱ्या बावरला. पलीकडे कुमुदनं त्याला उचलून कडेवर घेतलं. अंतरपाट खाली आला. समोर दोन गळे होते. भुऱ्याचा जरा पुढे होता. मी बघत बसलो नाही.

वाजंत्री थबकली. आता ही उतरते, असं मला वाटलं. कुमुदनं आधी हाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एवढा मान त्याला माझ्या वडिलांनीसुद्धा दिला नव्हता," ती म्हणाली आणि तिनं माझ्या गळ्यात हार घातला. मांडव हसला, वाजंत्री सुरू झाली, लोक पंगतीला धावले. मला तर रडूच आलं.

पंगतीत बायकांनी धरलं. "नाव घ्या, नाव घ्या."

मी आत्याला विचारलं, "कुणाचं?"

आत्या दमली होती. "ज्या गळ्यात हार घातलास त्या गळ्याचं घे बाबा."

मी उठून उभा राहिलो आणि खणखणीत उखाणा घेतला,

"मांडवाच्या दारी आंब्याचं तोरण,
भुऱ्याचं नाव घेतो, कुमुद आहे कारण."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. कुमुदही हसली. "आता माझंही घ्या," ती म्हणाली.

मी म्हणालो, "तुझं कसं घेऊ? तुझ्या गळ्यात मी अजून हार कुठं घातलाय?"

हसणं थांबलं. सगळ्यांनी कुमुदच्या गळ्याकडे पाहिलं. खरंच नव्हता. भटजींनी हातातला लाडू खाली ठेवला आणि पंचांग उघडलं. पुढचा मुहूर्त दीड महिन्यानं होता.

तोवर कुमुदनं माहेरीच राहायचं ठरलं. त्याच संध्याकाळी पाठवणी झाली. कुमुद ओक्साबोक्शी रडली, तिच्या आईनं डोळे पुसले, आणि रीतीप्रमाणे भुऱ्याला माझ्या शेजारी गाडीत बसवून सासरी पाठवलं.