नगारा माझा, मर्जी माझी

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्यांची नावंही आता कुणाला ठाऊक नाहीत. पण सांगायला बसलो की माझं डोकं अजून तापतं, तेव्हा लहानथोरांनी जरा सांभाळून घ्यावं.

एका नदीवर तीन राज्यं होती. एक डोंगरावर, एक मधल्या सपाटीवर आणि एक समुद्राकाठी. तिघांचे तीन राजे. कुणी कुणाचा मांडलिक नव्हता, आणि तिघांच्या वर चौथा कुणी सम्राटही नव्हता.

डोंगरावरच्या राज्यात एक मोठं तळं होतं. उन्हाळा सरता सरता गाळ काढण्यासाठी त्याची मोरी उघडावी लागे. पाणी धो धो खाली जाई. आणि खाली, मधल्या राज्यात, माणसं कोरड्या पात्रात झोपड्या घालून कलिंगडं लावत. म्हणून तिन्ही राजांच्या पणजोबांनी एक रीत घालून दिली होती. मोरी उघडण्याआधी दोन दिवस डोंगरावरचा नगारा वाजायचा. तो ऐकून मधल्या राज्याचा वाजायचा, मग समुद्राकाठचा. माणसं राहिलेली फळं आणि चंबूगबाळं उचलून काठावर यायची. कागद नाही, शिक्का नाही, तरी आजवर कुणी चुकलं नव्हतं.

डोंगरावरच्या नगाऱ्याचा मान कुशाबाच्या घराण्याकडे होता. कुशाबा साठीचा, तापट, तोंडाने फटकळ. त्याची एकुलती एक लेक गिरजा मधल्या राज्यात दिलेली, आणि तिची झोपडीही त्या पात्रातच. दरवर्षी नगारा वाजवताना तो पुटपुटायचा, "ऊठ पोरी, आवर लवकर." इतक्या लांबून तिला ते शब्द कुठले ऐकू जायला, पण म्हाताऱ्याला तेवढंच समाधान.

मग डोंगरावर नवा राजा आला. त्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात मधल्या राज्याचा वकील दरबारात आला आणि हात जोडून म्हणाला, "यंदा झोपड्या जास्त आहेत, महाराज. नगारा दोनाऐवजी तीन दिवस आधी वाजवलात तर बरं होईल."

मागणं केवढंसं! पण राजाला ते झोंबलं. वकील गेल्यावर तो म्हणाला, "मला सांगणारे हे कोण? मी राजा आहे की यांचा राखणदार? तळं माझं, मोरी माझी. नगारा माझा, मर्जी माझी. यंदा नगारा वाजायचा नाही. उद्या सकाळी मोरी उघडा."

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं.

कुशाबा पुढे झाला. "तळं आपलं, महाराज, कबूल. पण पाणी खालच्यांच्या अंगावर जातं. आणि ही रीत त्यांनी आपल्यावर लादलेली नाही. आपल्याच पणजोबांनी राजीखुशीने मान्य केली."

"त्यांनी मान्य केली, मी मोडतो. मला अडवणारा वर कोण आहे?"

"कुणी नाही. म्हणून तर आपला शब्द आपणच पाळायचा, महाराज. दुसरं कोण पाळायला लावणार?"

"फार बोलतोस."

"माझी लेक आहे खाली."

"मग तुझ्या लेकीला विचारून राज्य चालवू?"

कुशाबा तडक नगाऱ्याकडे धावला. शिपायांनी त्याच्या हातातली टिपरी हिसकावली आणि त्याला कोठडीत घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोठडीतच त्याला मोरी उघडल्याचा आवाज आला. तो मुठींनी दार बडवत राहिला. हात सोलून निघाले, पण त्या दाराचा आवाज अंगणापलीकडेसुद्धा गेला नाही.

तेवीस माणसं गेली. गिरजा गेली, तिचा नवरा गेला. कुणाच्या नजरचुकीने नव्हे हो, भर दरबारात हुकूम सोडून मारली. आणि राजा म्हणाला, "पात्रात राहायला त्यांना कुणी सांगितलं होतं?"

मधल्या राज्याचे सरदार तलवारी घेऊन उठले. त्यांच्या राजाने त्यांना थोपवलं. तो समुद्राकाठच्या राजाला भेटला, आणि दोघांचं काय ठरायचं ते ठरलं.

पावसाळ्याच्या तोंडावर डोंगरावरचा वकील मीठ मागायला समुद्राकाठी गेला. दरवर्षी आधी मीठ मिळे, आणि त्याच्या बदल्यात सागवान नंतर जाई. सागवान नक्की पाठवू, असं वचन देणारं शिक्क्याचं पत्र त्याने पुढे केलं.

"हे पाळायला तुमच्या महाराजांना कोण लावणार?" तिथल्या राजाने विचारलं.

"कुणी नाही. आमचे महाराज सार्वभौम आहेत."

"मीही आहे. आजवर मी मीठ देत होतो ते तुमच्या शब्दावर. तो तर तुम्ही नदीत बुडवलात. आता कशावर देऊ?"

वकील रिकाम्या हाताने परतला. मधल्या राज्यानेही आपली वाट बंद केली. कुणी डोंगरावर चाल करून गेलं नाही, कुणी दगडसुद्धा मारला नाही. नुसतं कुणी काही देईना, काही घेईना. अळणी अन्न लोकांच्या घशाखाली उतरेना, गुरं खंगली. माणसं बोचकी बांधून राज्य सोडू लागली, आणि सर्वांत पुढे होते ते माना डोलावणारे.

राजाने कुशाबाला कोठडीतून सोडवून बोलावलं. "तू जा खाली. तुझी लेक तिकडे दिलेली. तुझं ऐकतील."

कुशाबाने त्याच्याकडे सरळ रोखून पाहिलं. "माझं तिकडे आता कुणी नाही, महाराज. ती व्यवस्था आपणच केलीत. आता आपलंही तिकडे कुणी नाही. जायचं तर आपणच जा."

शेवटी राजा स्वतः गेला. मधल्या राज्याच्या वेशीवर तो तीन दिवस उभा होता, तेव्हा कुठे त्याला आत घेतलं. त्या तेवीस जणांच्या घरच्यांसमोर बसून त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागलं की मी शब्द मोडला आणि तुमची माणसं मारली. मीठ सुरू झालं, पण नुसत्या शब्दावर नव्हे. मोरीला तीन कुलुपं बसली, आणि त्यांच्या किल्ल्या तीन राज्यांकडे गेल्या. जिथे तो एकटा मालक होता, तिथे आता त्याला दोघांची वाट पाहावी लागे.

कुशाबा पुन्हा दरबाराची पायरी चढला नाही. राजाने बोलावणी पाठवली, मानपान देऊ केले. पण लेक काही कुणी परत देऊ शकलं नाही.

यातून घ्यायचं ते एवढंच: ज्याच्यावर कुणाचा हुकूम चालत नाही, त्याने स्वतःचा शब्द मोडला की त्याच्या राजेपणाला कुणी विचारत नाही.